दोन-तीन, मधे वाट

निवृत्तीला आठ महिने झाले
तेव्हा कपाटावरचा तिकिटांचा डबा खाली काढला.
मशीनच्या तिकिटांवरची शाई उडून गेलेली,
नुसत्या कोऱ्या चिठ्ठ्या,
जणू कुणी कधी कुठं गेलंच नव्हतं.
पंचची जुनी तेवढी शाबूत,
भोकासकट.

ती चिकटवायला म्हणून
अंबाजोगाईच्या मोंढ्यातून जाड पानांची वही आणली
आणि पहिल्याच पानाशी अडले.
कोरं पान म्हणजे रात्री बाराचा स्टँड,
कुठली गाडी कुठं लागणार, पत्ता नाही.

चहा गार झाला. मग आठवलं,
सव्वीस वर्षं एकच नकाशा पायांत आहे माझ्या:
डावीकडे दोन, उजवीकडे तीन,
मधे वाट.

तसेच लावले फोटो.
मधल्या पट्टीत लिहिलं, तिथूनच तर फिरले मी,
आडवी होऊन, पिशव्या ओलांडत, सरका हो पुढं म्हणत.
वर उजव्या कोपऱ्यात लहानशी चौकट ड्रायव्हरची,
तिथं लिंबाजी घुगे, एका डोळ्यानं हसताना.
झालं पान.

दुसऱ्यावर तेच,
फक्त पाठीमागं बियाण्याच्या पिशवीचा हिरवा कागद.
तिसऱ्यावर तेच, पत्रिकेची सोनेरी कड कापून
खिडकीच्या गजांसारखी आडवी लावली.
चौथ्यावर उजवीकडच्या तीन जागा जोडून
एकच लांब फोटो:
बर्दापूरच्या पासवाल्या पोरी,
अकराजणी, तिघींच्या जागेत.
बसायच्याही तशाच.

शेजारची तमन्ना लातुरात डिप्लोमा करते.
वही चाळून म्हणाली,
"कामून वो मावशी, समदी पानं सारखीच?"
म्हटलं, रूट बी तोच असतो की गं,
म्हणून काय रोज तीच माणसं चढतात?
ती हसली. मोबाईलवर मला दाखवत राहिली
फुलं, फुलपाखरं, तिरप्या चौकटी, कागदाच्या झालरी.
चांगलं होतं सगळं.
माझा हात तिथं धजला नाही.

मग तिनंच वही परत देताना
उलटी धरली.
तीन डावीकडे, दोन उजवीकडे,
ड्रायव्हर खाली, कोपऱ्यात.
मी बघतच राहिले:
अगं, ही तर परतीची गाडी!
त्या दिवसापासून डावं पान जायचं
आणि उजवं यायचं.
एवढ्यावर अख्खी वही निघाली,
रेणापूर, घाटनांदूर, केज,
मुलाचं लग्न, बारसं,
संपात डेपोच्या गेटवर काढलेले ते सात दिवससुद्धा.

दैवशालाचं पान मात्र दोन महिने रखडलं.
माझ्यासोबतच लागली होती ती,
आणि शंभर वेळा सांगूनही फोटोला कधी उभी राहिली नाही,
"तोंड धुऊन येते" म्हणायची नि सटकायची.
आता तिच्या घरून मिळाला तो एकच,
ओळखपत्रावरचा,
अर्ध्या कपाळावर डेपोचा शिक्का.

एक फोटो आणि पाच जागा.
तमन्ना म्हणाली, मोठा करून मधोमध लावा.
लावून बघितला. दैवशाला वाटेना,
कुणी साहेबीण वाटली.

शेवटी दाराजवळची,
कंडक्टरची जागा आखली, पहिल्यांदाच,
आतापर्यंतच्या एकाही पानावर ती नव्हती,
माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.
तिथं ती मावली बरोबर.
बाकीच्या जागांवर ती कोरी तिकिटं चिकटवली,
पाचच्या पाच, शाई उडालेली.
वाटेत काही लिहिलं नाही.

खळ जरा पातळ झाली होती.
पान फुगू नये म्हणून वहीवर पाट ठेवला,
पाटावर ज्वारीचा डबा.
तमन्नाला बजावलं,
सकाळपर्यंत हात लावू नको.